तोरणा दूरच राहू दे : प्रस्तावना

पुण्यात ज्याच्याकडे कॅमेरा किंवा बऱ्यापैकी फोन आहे, त्याच्याकडे हा फोटो असतोच. सिंहगडाचं दक्षिण टोक, झुंजार बुरूज. समोर राजगड, त्याच्या उजव्या हाताला तोरणा, खाली पानशेतच्या बाजूचं खोरं. वेळ सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराची, कारण त्याआधी घाटरस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि वर पोचल्यावर आधी कांदाभजी. त्या क्षणी डोळ्यांना जे दिसलं ते भव्य होतं, याबद्दल बरोबरच्यांपैकी कुणाचं दुमत नसतं. घरी येऊन फोटो उघडला की मात्र वर एक पांढरट पट्टा, मध्ये राखाडी-निळसर पट्टा, खाली मातकट पट्टा. राजगड बोट ठेवून दाखवावा लागतो. ‘फोटो फ्लॅट आलाय’ असं म्हणत माणूस एडिटिंगच्या ॲपकडे वळतो. पाच मिनिटांत आकाश मोरपिशी, गवत पोपटी आणि राजगड शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर बांधल्यासारखा दिसू लागतो.

हे पुस्तक या दोन फोटोंच्या मधल्या जागेविषयी आहे. पहिला खरा आणि दुसरा खोटा, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण पहिलाही खरा नाही. बुरुजावर उभ्या असलेल्या माणसाला तीन पट्टे दिसले नव्हते.

मग कॅमेऱ्याला ते का दिसले? खापर बहुधा कॅमेऱ्यावर किंवा स्वतःच्या हातावर फुटतं. खरा संबंध हवेशी आहे. सिंहगडापासून राजगड सरळ रेषेत साधारण पंधरा किलोमीटर, तोरणा सतरा. एवढ्या अंतरातून डोंगराचा उजेड आपल्यापर्यंत येताना धुळीने, धुराने, बाष्पाने वाटेतच विखुरतो आणि कमी होतो. त्याच वेळी सूर्याचा उजेड मधल्या हवेवर पडून तोही विखुरतो आणि डोंगराच्या उजेडात मिसळतो. परिणामी लांबच्या कड्याचा काळा काळा राहत नाही, उजळ राखाडी होतो. अंतर वाढत जाईल तसा कडा आणि आकाश यांच्यातला फरक ठरावीक प्रमाणात घटत जातो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर यांनी 1924 साली हा हिशेब सूत्रात बसवला. ठरावीक अंतरावरच्या खुणा दिसतात की नाही ते पाहून दृश्यमानता नोंदवायची, ही वेधशाळांची जगभरची जुनी रीत. शिवाजीनगरच्या ज्या वेधशाळेला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, ती 1928पासून इथे आहे. कोश्मीडरचं सूत्र पाठ नसलेला पुणेकरही ‘आज गच्चीवरून सिंहगड दिसतोय’ असं म्हणतो, तेव्हा त्याच गोष्टीची नोंद करत असतो.

डोळ्यामागे मेंदू असतो आणि तो ही मधली हवा बरीचशी वजा करून टाकतो. त्याला राजगडाची बालेकिल्ल्याची टोपी ओळखीची असते, तिथे नजर गेली की तो तेवढ्याच भागाचा फरक वाढवून घेतो. कॅमेरा कुणालाच ओळखत नाही. वर एक्स्पोजर ठरवताना तो अख्ख्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतो. आपला कातळ काळा बेसॉल्टचा, आपलं अकरा वाजताचं आकाश पांढरं. या दोहोंची सरासरी म्हणजेच तो पडेल फोटो.

पुण्याचा उजेड हा स्वतंत्र विषय आहे आणि एडिटिंगच्या पुस्तकात तो सहसा येत नाही, कारण ती पुस्तकं ज्या देशांत लिहिली जातात तिथे सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस भरदुपारी सूर्य नेमका माथ्यावर असतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. डोंगराच्या सोंडा आणि घळी आपल्याला दिसतात त्या सावल्यांमुळे. सावली गेली की घळही गेली, मग मागे उरतो तो नुसता रंग, तोही उन्हाने धुतलेला. हिवाळ्यात दुसरी तऱ्हा. भोवती टेकड्या असलेल्या या खोलगट शहरात पहाटे थंड हवा तळाशी साचते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि शहराचा सगळा धूर त्याखाली अडकतो. वेताळ टेकडीवरून सकाळी सातला पाहिलं तर शहराच्या जागी एक तपकिरी साय दिसते. पावसाळ्यात ढगच जमिनीवर येतात. राहता राहिले सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे मोजके दिवस. पावसाने हवा धुतलेली असते, ऊन तिरपं असतं आणि तोरणा कापून ठेवल्यासारखा दिसतो. त्या दिवसांत काढलेल्या फोटोंना या पुस्तकाची गरज जवळजवळ नाही.

सूर्य कुठे आहे हेही पाहावं. डिसेंबरात तो नैऋत्येकडे, म्हणजे झुंजार बुरुजावरून पाहिलं तर तोरण्याच्या बाजूलाच, जरासा उजवीकडे मावळतो. सूर्यासमोरच्या धुरक्यातून उजेड सरळ आपल्या अंगावर येतो, म्हणून डोंगर नुसते आकार होतात, एकामागे एक फिकट होत जाणारे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तेव्हा तेच धुरकं कमी जाणवतं. दोन्ही वेळच्या फोटोंना एकच प्रीसेट लावणारा माणूस कुठल्याच फोटोकडे नीट पाहत नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तो नेहमीचा आक्षेप. फोटोत फेरफार करणं म्हणजे लबाडी, पूर्वीचे लोक कॅमेऱ्यातून जे येईल ते ठेवत. पूर्वीच्या लोकांनी असं काहीही केलेलं नाही. काचेवरच्या ओल्या कलोडियनचा जमाना 1851पासूनचा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या काळातल्या सभासदांपैकी. त्या काचेला निळा उजेड फार लवकर लागे, त्यामुळे जमीन नीट यावी म्हणून थांबलं की आकाश कोरं पांढरं होई. यावर फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने 1856–57च्या सुमारास उपाय काढला. समुद्राची एक काच, ढगांची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक छापील चित्र. पुढे कृष्णधवल फिल्म आली तेव्हा निळं आकाश गडद यावं म्हणून भिंगापुढे पिवळी किंवा लाल काच लावणं हा रोजचा रिवाज होता, सिनेमावाल्यांचाही. अँसल ॲडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा 1941चा फोटो एकाच निगेटिव्हवरून पुढची कित्येक वर्षं छापला गेला. आधीच्या प्रतींत आकाशात फिके ढग दिसतात, नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळं आहे. रंगीत फिल्मवाल्यांनी तर एडिटिंग दुकानातच उरकलं होतं. 1990 साली आलेली फुजीची वेल्विया घातली की हिरवा आणि निळा आपोआप चढत. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी, जगात सर्वांत जास्त पाहिलेल्या लँडस्केपपैकी एक, चार्ल्स ओरिअरने 1996 साली वेल्वियावरच टिपली. कॉम्प्युटरने त्यात रंग भरलेला नाही असं तो सांगतो, आणि ते खरंही असावं. भरायचा तो फिल्मने आधीच भरला होता.

सांगायचा मुद्दा एवढाच की ‘एडिट करावं का’ हा प्रश्न निकालात निघून दीडशेहून जास्त वर्षं झाली. प्रश्न ‘काय करावं’ हा आहे.

पडेल फोटोत कमी असतो तो फरक. रंग कमी आहे असं वाटतं खरं, पण हिस्टोग्राम उघडून पाहा. काळ्याच्या टोकाला काही नाही, पांढऱ्याच्या टोकाला आकाशाचा एक सुळका आणि बाकी सगळा डोंगर मध्यावर गर्दी करून बसलेला. अशा वेळी नवखा हात सॅच्युरेशनकडे जातो. त्याने राखाडीचा निळा होतो, मातकटाचा केशरी होतो, गर्दी मात्र जिथल्या तिथे राहते. आधी काळ्याचं टोक ओढून खऱ्या काळ्यापर्यंत न्यावं: बुरुजाच्या दगडांमधली फट, जवळच्या कारवीच्या बुंध्याची सावली. फोटोत एक जागा तरी निखळ काळी असली की बाकीच्या राखाडीला किंमत येते. रंगही त्यानेच बरेचसे जागे होतात, सॅच्युरेशनला हात न लावता.

फोनवाल्यांना हे विशेष सांगावं लागतं. आजचा फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो, आकाश खाली आणतो आणि सावल्या उचलून उजळ करतो. म्हणजे आपण ॲप उघडण्यापूर्वीच एक एडिटिंग झालेलं असतं, आणि त्याचा सगळा रोख कुठेही अंधार राहू नये याकडे असतो. अशा फोटोला आणखी उजळ करणं हा उलटा उपचार झाला. त्याला काळोख परत द्यावा लागतो. अपवाद पावसाळ्याचा. ताम्हिणीत धुकं उतरलेलं असताना कॅमेरा त्या पांढऱ्याचीही राखाडी करून टाकतो. तिथे एक्स्पोजर चढवावं, धुक्याला धुक्याचा पांढरा मिळू द्यावा, आणि काळ्याच्या मागे लागू नये.

यानंतर येतं डीहेझ, म्हणजे धुरकं हटवण्याची सोय. या स्लायडरने गेल्या काही वर्षांत सह्याद्रीचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्या खाणवाल्यानेही केलं नसेल. (अतिशयोक्ती आहे, मान्य. पण भिंतीभर लावलेले फोटो पाहून आल्यावर ती सुचते.) त्यामागची कल्पना मात्र फार देखणी आहे. 2009 साली काइमिंग हे, जियान सुन आणि शियाओऊ तांग या तिघांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. स्वच्छ हवेत उघड्यावर काढलेल्या फोटोचा, आकाश सोडून, जवळपास कुठलाही लहान तुकडा घ्या. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखाद्या रंगात तरी त्यात जवळजवळ शून्य असलेला पिक्सेल सापडतो, मग ते एखादं गडद पान असेल, सावली असेल नाहीतर काळा दगड. धुरकट फोटोत असा काळा सापडत नाही, आणि तो जितका उजळलेला तितकी मधली हवा जाड. यावरून प्रत्येक जागी किती धुरकं वजा करायचं ते काढता येतं. म्हणजे कोश्मीडरचा हिशेब उलट्या बाजूने सोडवायचा. लाइटरूममध्ये डीहेझचा स्लायडर 2015 साली आला, आता तो फोनच्या ॲपमध्येही असतो. प्रत्येक सॉफ्टवेअरची आतली रीत वेगळी असेल, अडचण सगळीकडे सारखी. जे मुळातच पांढरं आहे ते या गणिताला धुरकं वाटतं. धबधबा, चुन्याची भिंत, ढग यांच्यावर तो स्लायडर ओढला की ते मळकट निळे होतात.

याहून मोठी अडचण गणितातली नाही. डोंगर लांब आहे हे आपल्याला कळतं कशावरून? जवळची रांग गडद, तिच्यामागची फिकी, त्यामागची निळसर, शेवटची जेमतेम. हे धुरकंच अंतर दाखवतं. सह्याद्रीत आल्प्ससारखी बर्फाची शिखरं नाहीत, एकमेकांवर चढलेली प्रचंड उंची नाही. तोरणा, म्हणजे जिल्ह्यातल्या उंच गडांपैकी एक, तोही समुद्रसपाटीपासून 1403 मीटरच. आपल्या डोंगरांचं वैभव त्यांच्या रांगांत आहे, एकीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. ती रांग मोडली की उरतात ते सपाट माथ्याचे काही काळे ठोकळे. अख्ख्या फोटोवर डीहेझ ओढणारा नेमकं हेच करतो. तोरणा खणखणीत दिसतो खरा, पण सतरा किलोमीटर चालून पुढे आलेला असतो.

म्हणून या पुस्तकात मास्कवर, म्हणजे फोटोच्या निवडक भागापुरताच बदल करण्याच्या सोयीवर, एवढी पानं खर्ची पडली आहेत, आणि ती वाचकाने उडवू नयेत. जवळच्या कड्यावर डीहेझ आणि कॉन्ट्रास्ट मोकळ्या हाताने द्यावं. मधल्या रांगेवर निम्मं. शेवटच्या रांगेला बहुधा काहीच देऊ नये. कधी कधी तर तिथे स्लायडर उलटा, वजाकडे न्यावा. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. धुरकट फोटो सुधारायला धुरकं वाढवायचं? जलरंगवाल्यांना विचारा. लांबचा डोंगर ते एका पातळ वॉशमध्ये उरकतात, तपशील देत नाहीत, आणि जवळच्या दगडावर मात्र कोरडा ब्रश घासतात. पुणेकराला यासाठी लांब जायला नको. मिलिंद मुळीक यांची जलरंगांवरची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. फोटो एडिट करायला शिकणाऱ्याने आधी ती चाळावीत असा माझा आग्रह आहे, ट्युटोरियल नंतर. चित्रकाराला प्रत्येक रेष स्वतः काढावी लागते, त्यामुळे काय गाळायचं याचा विचार त्याला आधीच करावा लागतो. फोटोवाल्याच्या फ्रेममध्ये सगळं आपोआप येऊन पडतं.

हिरव्याबद्दल थोडं. जुलैत मुळशीकडे काढलेला फोटो पडेल असो वा नसो, हिरवा त्यात बहुधा विजेच्या दिव्यासारखा असतो. सेन्सरवर दर चार खणांपैकी दोन हिरव्याचे असतात. कोडॅकच्या ब्राइस बेयरने ही मांडणी केली, तिचं पेटंट 1976चं, आणि तिचं कारण आपला डोळा हिरव्याच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो हे. पण भडकपणाचा दोष त्या खणांचा नाही, तो नंतरच्या प्रक्रियेतला. ताज्या गवतात पिवळा भरपूर असतो, म्हणून गवत ताब्यात आणायचं तर ग्रीनपेक्षा यलोचा स्लायडर धरावा: थोडा हिरव्याकडे सरकवावा, सॅच्युरेशन उतरवावं, उजळपणाही किंचित कमी करावा. भातखाचरं, गवत आणि झाडं हे तीन निरनिराळे हिरवे आहेत. ते तीन म्हणूनच दिसले पाहिजेत.

आकाश बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये 2020 साली आली. ल ग्रेची दोन काचांची युक्ती आता एका क्लिकवर. त्याच्या समुद्राला त्याच उजेडातलं आकाश शोभत असे, निदान तो तशी खबरदारी घेई. आपल्याकडे श्रावणातल्या मऊ, सावलीविरहित उजेडातल्या खोऱ्यावर कुठल्या तरी वाळवंटातली केशरी संध्याकाळ चिकटवली जाते, आणि खाली भातखाचरातल्या पाण्यात मात्र जुनंच करडं आकाश पडलेलं असतं. मला ही सोय नैतिकदृष्ट्या खटकत नाही, पाहणाऱ्याची किंमत कमी धरते म्हणून खटकते.

नैतिकतेचा प्रश्न येतो तो दुसरीकडे. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठावर आडवा फोटो उभा बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावरून गदारोळ झाला. फोटो देखणा होता. पण ते मासिक जग कसं आहे ते दाखवतो असं सांगून विकलं जात होतं. वेताळ टेकडीतून जाणाऱ्या नियोजित रस्त्यावरून पुण्यात गेली काही वर्षं वाद आहे आणि दोन्ही बाजू फोटो दाखवतात. तिथे एप्रिलमधली वाळकी टेकडी हिरवी करणं किंवा हिरवी टेकडी उजाड दाखवणं हे एडिटिंग उरत नाही, ती साक्ष बिघडवणं झालं. धुरकं हटवणंसुद्धा, जर फोटो हवेच्या प्रदूषणाबद्दल असेल तर. बालगंधर्व कलादालनात लावायचा फोटो आणि अर्जासोबत जोडायचा फोटो एकाच फाइलमधून निघू शकतात, पण त्यांना वेगळे नियम लागतात.

सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा पुसावा का, हे तिसरंच. क्लोन टूलने तो मिनिटभरात जातो आणि पुष्कळ जण पुसतात, गड शिवकालीन वाटावा म्हणून. पण खांदकडा आणि तो मनोरा या दोन खुणांवरूनच पुण्यातून कुठूनही सिंहगड ओळखला जातो. मनोरा पुसलेला फोटो पुणेकराला दाखवा. तो आधी विचारतो, हा कुठला गड? मी ठेवतो. विजेच्या तारा पुसतो.

साधनांबद्दल फार लिहीत नाही. फोटोशॉप 1990पासून आहे, लाइटरूम 2007पासून, दोन्हींना पैसे पडतात. डार्कटेबल आणि गिंप फुकट आहेत आणि या पुस्तकातलं जवळजवळ सगळं त्यांत जमतं. फाइल मात्र शक्यतो रॉ असावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16384. पडेल फोटोची मधली गर्दी ताणायची म्हणजे पायऱ्यांमधली अंतरं वाढवायची. जेपेगमध्ये ती अंतरं लगेच उघडी पडतात, आणि आकाशात तर पट्टे दिसायला लागतात.

शेवटचं प्रकरण छपाईचं आहे आणि ते आधी वाचलं तरी चालेल. रात्री दिवा मालवून, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळवंडून येतो. दोष लॅबचा नसतो. स्क्रीन स्वतः प्रकाशते, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. स्क्रीनचा उजेड अर्ध्याच्या आसपास आणावा, खोलीत साधा दिवा चालू ठेवावा, आणि 12 बाय 18चे पैसे भरण्याआधी 4 बाय 6ची एक प्रत काढून दिवसा खिडकीपाशी धरून पाहावी. सावल्या तिथे बुजत असतील तर फाइलमध्ये त्या थोड्या उचलाव्यात, आणि मगच मोठी प्रत टाकावी.